माहेर बघितलंत का?

ठोकळेमामांनी नऊ वर्षांत एकही चाल मागे घेतली नाही, असं आमच्या प्रयोगशाळेत सगळे मानून चालले होते. मीही मानत होते. फरक इतकाच, की बाकीच्यांना त्याचं कौतुक वाटायचं आणि मला राग यायचा.

आमची प्रयोगशाळा म्हणजे पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या नव्हेत. बांधकामाचा माल तपासायची जागा आहे ती. तळमजल्यावर एक लांबट हॉल, एका भिंतीला पाण्याच्या टाक्या, दुसऱ्या भिंतीला लोखंडी चौकटीचं दाबयंत्र, आणि कोपऱ्यात काचेच्या पार्टिशनमागे माझं टेबल. बांधकामावर काँक्रीट ओततात तेव्हा त्यातलंच थोडं साच्यात भरून ठोकळे करतात, वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर उंच. ते आमच्याकडे येतात, अठ्ठावीस दिवसांचे होईपर्यंत पाण्यात बुडून राहतात, आणि मग मामा त्यांना एकेक करून यंत्रात ठेवतात आणि फोडतात. किती दाबाला फुटला, तो आकडा मी टाइप करते. मामांचं हे काम एकतीस वर्षं चाललेलं, माझं चौदा. त्यांना ठोकळेमामा हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. चेहरा पाहिला की वाटतं, नाव देणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार.

यंत्राच्या तबकडीवर दोन काटे आहेत. काळा काटा दाबाबरोबर चढतो आणि ठोकळा फुटला की खाली येतो. लाल काटा काळ्याने जिथवर ढकलला तिथेच थांबून राहतो, म्हणजे नंतर कुणी वाद घालायला नको. तरी घालणारे घालायचेच. ठोकळे तीन फोडायचे आणि एखादा राखीव ठेवायचा, अशी आमची पद्धत. आकडा कमी आला की बांधकामावरचा इंजिनीअर घसा साफ करून म्हणायचा, "मामा, राखीव आहे ना? तो फोडून बघू या की."

"यंत्र अडकलं होतं?"

"नाही."

"ठोकळा वाकडा बसला होता?"

"नाही, पण..."

"मग राखीव कशाला? राखीव ठोकळा कारणासाठी असतो. आशेसाठी नसतो."

एवढं बोलून मामा झाडू घ्यायचे आणि तुकडे गोळा करायला लागायचे. इंजिनीअर माझ्याकडे बघायचा. मी टायपिंगमध्ये डोकं खुपसायचे.

मामांचं आणि माझं सूत जुळलं ते खेळामुळे. दोघांच्याही घरी कॉम्प्युटरवर एकच खेळ होता, राज्य चालवायचा. सात राजे यंत्राचे, आठवे आपण. गावं वसवायची, धान्य पिकवायचं, सैन्य पोसायचं, शेजाऱ्यांशी तह करायचे आणि मोडायचे. आपल्या सगळ्या चाली झाल्या की 'फेरी संपली' असं बटण दाबायचं. मग सातही राजे आपापल्या चाली करतात आणि पुढची फेरी सुरू होते. माझ्या नवऱ्याच्या मते हा बिनपगारी कारकुनीचा प्रकार आहे. तो फारसा चुकत नाही.

मी हा खेळ जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांसारखी खेळते. लढाई हरले की आधीची फेरी लोड करते आणि पुन्हा लढते. पुन्हा हरले की पुन्हा लोड करते. खेळ स्वतःच गेल्या पाच फेऱ्या जपून ठेवतो. कशाला ठेवतो? मागे जाण्यासाठीच ना? मामांनी मात्र नऊ वर्षांपूर्वी एक राज्य मांडलं आणि तेव्हापासून तेच चालवत होते. रोज संध्याकाळी सहा ते आठ, एक फेरी, मन लागलं तर दोन. गाव गेलं तर गेलं. मागे जायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आमचं हेच चालायचं.

"मामा, खेळ एकट्याचा. समोर माणूस नाही. मग मी फसवते कुणाला?"

"ठोकळा तरी कुठे माणूस आहे?" मामा म्हणायचे.

त्यांची ही लबाडीची व्याख्या वर्षागणिक फुगत गेली होती. लोड करणं ही लबाडी. झाकलेला नकाशा युक्तीने उघडून बघणं ही लबाडी. पुढे काय होणार ते इंटरनेटवर वाचणं ही अर्धी लबाडी, कारण ऐकीव माहिती खऱ्या राजालाही मिळतेच. इथवर ठीक होतं. पण खेळातला उत्तरेकडचा राजा जरा मंद होता. आपण एक रिकामी गाडी उघड्या माळावर सोडली की तो सगळं सैन्य घेऊन तिच्यामागे धावायचा आणि त्याची राजधानी मोकळी पडायची. मी याच युक्तीवर तीनदा जग जिंकलेलं. मामांना ती युक्ती माहीत होती, पण त्यांनी एकदाही गाडी सोडली नाही.

"समोरचा मूर्ख आहे म्हणून आपण लबाड व्हायचं?"

"आणि यंत्राच्या राजांना फुकटचं धान्य मिळतं ते?" मी विचारलं. खरंच मिळतं, अवघड पातळी निवडली की त्यांची कोठारं आपोआप भरतात.

"ते त्यांनी मागितलेलं नाही," मामा म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.

पालथ्या घड्यावर पाणी. पण मामांच्या हट्टाचा कळस झाला तो वीज गेली तेव्हा. एका संध्याकाळी पूर्वेकडचं एक गाव जिंकायला गेले आणि लढाई हरले. फेरी संपवायच्या आत वीज गेली, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं तर फेरीची सुरुवात समोर. मी असते तर देवाचे आभार मानले असते. मामांनी आठवून आठवून त्याच चाली पुन्हा केल्या, तीच चुकीची चढाई पुन्हा केली, हरण्यासाठी. पण खेळात थोडा नशिबाचा भाग असतो. या वेळी ते जिंकले. आठवडाभर माणूस सुतकी चेहऱ्याने ठोकळे फोडत होता. शेवटी त्यांनी ते गाव शत्रूला बक्षीस देऊन टाकलं, तेव्हा कुठे त्यांना जेवण गोड लागलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं.

या राज्यात मामांच्या खालोखाल अधिकार होता तो मामींचा. मामींनी खेळाला कधी हात लावला नाही. संध्याकाळी मामा कॉम्प्युटरसमोर बसले की त्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून मटार सोलत नाहीतर काहीतरी उसवत बसायच्या, आणि गावांना नावं द्यायच्या. हे खातं त्यांच्याकडे होतं. दर दहा फेऱ्यांनी बंड करणाऱ्या गावाचं नाव नणंद. भरभराटीचं, पण अडचणीला कधी उपयोगी न पडणारं गाव थोरली जाऊ. खूप खाणारं आणि लढाईला एक माणूस न देणारं, ते मेहुणा. मामांच्या बहिणीने एकदा पडद्यावर स्वतःला पेटलेलं पाहिलं आणि वर्षभर यांच्या घरी पाऊल टाकलं नाही.

नकाशाच्या अगदी कडेला, समुद्राला लागून एक खेडं होतं. तिथे धान्य पिकत नव्हतं, खाण नव्हती, रस्ता नीट नव्हता. बंदर होतं, पण गलबत जेमतेम एक मावायचं. त्याचं नाव माहेर.

"त्या माहेरापायी दोन तुकड्या अडकून पडतात," मामा जेवताना कुरकुरायचे. "राज्याच्या दृष्टीने शुद्ध तोटा."

"मग सोडून द्या."

"घरात राहायचंय मला."

फेरी संपवायचं बटण दाबण्याआधी मामी रोज एकच प्रश्न विचारायच्या. हातातल्या कामावरून नजर न काढता म्हणायच्या, "माहेर बघितलंत का?" मग मामा नकाशा सरकवत कडेपर्यंत न्यायचे, तटबंदी बघायचे, सैनिक मोजायचे, "बघितलं" म्हणायचे आणि बटण दाबायचे. मी दोन-तीनदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला तेव्हा हसू आलं होतं.

मामी गेल्या त्याला सव्वा वर्ष झालं. पोटाचं दुखणं निघालं आणि पाच महिन्यांत सगळं आटोपलं. मामा दहा दिवसांनी कामावर आले, अ‍ॅप्रन बांधला आणि साठलेले ठोकळे फोडायला लागले. त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी असते. तिने त्यांना आपल्याकडे चला म्हणून पाहिलं. ते म्हणाले, निवृत्तीला तीन वर्षं आहेत, मग बघू. महिनाभराने डबा उघडता उघडता म्हणाले, "काल एक फेरी खेळलो." मी "बरं केलंत" म्हटलं.

मग एका मंगळवारी त्यांनी डबा अर्धाच संपवला. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माहेर गेलं."

झालं होतं ते असं. नणंद पेटली होती. मामांनी या वेळी हट्टाने माहेरच्या दोन्ही तुकड्या तिकडे हलवल्या, त्याच फेरीत परत पाठवायच्या बोलीवर. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते गाव पुरतं शांत झालं. नुसतं शांत नाही, पडद्यावर प्रजा राजाचा जयजयकार करते तसं चित्र आलं. मामा म्हणाले, "इतका आनंद झाला मला. म्हटलं हिला सांगावं. वळलो आणि म्हटलं, बघितलंस का, नणंद गप्प झाली. खुर्ची रिकामी. मग मला काही सुचेना. मी बटण दाबलं."

तुकड्या नणंदेतच राहिल्या. समुद्रावरून दक्षिणेचा राजा आला आणि रिकामं माहेर घेऊन गेला.

"मामा, आता ऐका माझं," मी म्हटलं. "हे चुकून झालं. वीज जाण्यासारखंच आहे हे. आधीची फेरी लोड करा."

"बटण मीच दाबलं."

"मग जिंकून घ्या परत."

त्यांनी मान हलवली. शत्रूने गाव घेतलं की तो पहिल्यांदा त्याचं नाव बदलतो, ही या खेळातली रीत. परत जिंकलं तरी जुनं नाव येत नाही, आपण नवं द्यावं लागतं. नावं देणं हे मामांचं खातं नव्हतं. त्यांनी तेच अक्षर न् अक्षर पुन्हा टंकलं असतं तरी ते त्यांनी दिलेलं नाव झालं असतं. हे मला पटायला नको होतं, पण पटलं.

राग मात्र आलाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा. दोन बोटांचं काम होतं. बघणारं कुणी नव्हतं. आणि हा माणूस गेलेल्या माणसाची शेवटची खूण घालवून बसला होता, कशासाठी, तर यंत्रापुढे इभ्रत राहावी म्हणून. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. ते उठून टाकीतल्या पाण्याचं तापमान बघायला गेले.

पुढचे तीन आठवडे खेळाचा विषय निघाला नाही. मग त्यांच्या मुलीचा मला फोन आला. ती दोन दिवसांसाठी वडिलांकडे आली होती.

"ताई, बाबांचं काहीतरी बिनसलंय. कामावर जाताना कॉम्प्युटर चालूच ठेवून जातात. मी बंद केला तर माझ्यावर ओरडले. बाबा ओरडले, ताई. संध्याकाळी येतात, पाच मिनिटं त्याच्यासमोर बसतात, वहीत काहीतरी लिहितात आणि उठतात. खेळत नाहीत. तुम्ही येऊन बघाल का? ते नसताना या."

दुसऱ्या दिवशी मी दात दुखतोय सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मामा यंत्रात ठोकळा बसवत होते, त्यांनी "लवंग धर दाताखाली" असं सांगितलं. मला जरा लाज वाटली.

मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्यावर कॉम्प्युटर. पडदा चालू होता. माउस हलवला तसा नकाशा उजळला. फेरी दोन हजार नऊशे पंधरा. कडेचं खेडं लाल झालेलं आणि त्याच्यावर काहीतरी खडबडीत परकं नाव. टेबलासमोर मामांची खुर्ची होती. तिच्या शेजारची मामींची खुर्ची टेबलापासून जरा तिरकी, बाहेर ओढलेली, जणू कुणी आत्ताच उठून दूध उतू जातंय का बघायला गेलंय.

वह्या खालच्या खणात होत्या. सात जुन्या आणि एक चालू. आमच्या प्रयोगशाळेतल्या नोंदवहीसारखेच पट्टीने आखलेले रकाने. तारीख, सुरुवातीची फेरी, अखेरची फेरी, शेरा. हे मामाच करू जाणोत. मी सहज पहिली वही चाळायला घेतली आणि एका पानावर अडले.

एका तारखेला अखेरची फेरी चारशे बारा. शेरा: माहेर गेलं.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीची फेरी चारशे अकरा. शेरा कोरा. आणि आकड्याशेजारी पेन्सिलने, अगदी बारीक, बरोबरची खूण.

आकडे टाइप करण्यात माझी हयात गेली आहे. आकडा मागे गेलेला मला न वाचताही दिसतो. मी पुढची पानं उलटली. माहेर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी फेरी एकाने कमी, बारीक खूण. पुन्हा तेच. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. आठ वह्यांत मिळून आम्ही तेवीस खुणा मोजल्या. शेवटची मामींच्या आजारपणाच्या आधीची होती.

"हे बाबांनी नाही केलं," मुलगी म्हणाली.

"मग?"

तिने वही मिटून मांडीवर ठेवली. "मी कॉलेजात होते तेव्हा एकदा दुपारी लवकर आले होते. आई इथे बसलेली. मला बघून दचकली. म्हणाली, पुसतेय. हातात फडकं होतं खरं. त्याच्या आधी कधीतरी तिने मला विचारलं होतं, चुकून पुढे गेलं तर मागे कसं यायचं असतं गं. मी दाखवलं. मला वाटलं, फोटो बघायचे असतील."

तर असं होतं ते. मामा सकाळी कामावर जायचे, मामी दुपारी भांडी आवरून फडकं घेऊन यायच्या, आधीची फेरी लोड करायच्या आणि आपलं माहेर सोडवून आणायच्या. संध्याकाळी मामा यायचे, फेरीचा आकडा एकाने कमी बघायचे, वहीत लिहायचे, बरोबरची खूण करायचे आणि तटबंदी नीट करून पुढे खेळायचे. एक शब्द न बोलता. तेवीस वेळा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या पहिल्यांदा मनात आलं ते हे. मला नऊ वर्षं सुनावलं या माणसाने. गाव बक्षीस देऊन टाकल्याची गोष्ट तीनदा ऐकवली. आणि घरात स्वतःच्या नाकाखाली हे चाललं होतं, माहीत असून. झाकली मूठ ठेवली, ती दोघांनी एकमेकांपासूनही झाकून ठेवली.

मग मुलीने चालू वहीचं शेवटचं लिहिलेलं पान माझ्यापुढे धरलं. दोन हजार नऊशे पंधरा, माहेर गेलं. त्याच्या खाली दुसऱ्या दिवसाची तारीख. सुरुवात दोन हजार नऊशे पंधरा, अखेर दोन हजार नऊशे पंधरा. खाली तिसरा दिवस, तेच. चौथा, तेच. बावीस ओळी. सुट्टीचा दिवसही सोडलेला नाही. आकड्याशेजारी खुणेपुरती जागा सोडलेली, आणि ती प्रत्येक ओळीत रिकामी.

माझा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस यंत्रापुढे इभ्रत राखत नव्हता. तो सकाळी कॉम्प्युटर चालू ठेवून, ती खुर्ची बाहेर ओढून कामावर जात होता, आणि संध्याकाळी येऊन आकडा एकाने कमी झालाय का ते बघत होता. इतकी वर्षं व्हायचा. आता का होत नाही ते त्याला कळत नव्हतं असं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा शहाणा माणूस. तरी बघत होता. आशेसाठी राखीव ठोकळा नसतो असं इंजिनीअरला सांगून घरी यायचा आणि बघायचा.

मुलगी रडत होती. मी तिला रडू दिलं. मलाही रडू आलं, ते मी नाक पुसून निभावलं.

"ताई, तुम्हाला येतं ना मागे जायला?"

येतं म्हणजे काय. मी हजारदा तरी केलं असेल. पण त्या दुपारी माझा हात माउसवर गेला आणि तसाच राहिला. एकट्याच्या खेळात फसवणूक कुणाची, हा माझा नऊ वर्षांचा सवाल, आणि आता त्याचं उत्तर समोर होतं. मी मामांना फसवणार होते. त्यांना वाटलं असतं... काय वाटलं असतं? मामी आल्या असं तर नाही. पण कुणीतरी आलं होतं एवढं कळलं असतं. त्यांना ते नको असेल तर? कदाचित ते रिकामे रकानेच त्यांना हवे असतील.

"आईने विचारलं नसतं," मुलगी म्हणाली.

मी मामींच्या खुर्चीवर बसले. यादी उघडली, दोन हजार नऊशे चौदा निवडलं, लोड केलं. नकाशा क्षणभर काळा झाला आणि परत आला. कडेचं खेडं निळं, वर नाव माहेर, आत दोन्ही तुकड्या जागच्या जागी. आणि मधोमध नणंद धडधडून पेटलेली. तेही परत आलं होतं, माहेर एकटं सोडवता येत नाही. मी वह्या खणात ठेवल्या, टेबलावर हाताने जरा पुसल्यासारखं केलं, खुर्ची आत सरकवली आणि घरी गेले. त्या संध्याकाळी मी माझा खेळ उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीच्या वेळेला आले. अ‍ॅप्रन बांधला. सकाळी नऊ ठोकळे फोडले. मी काचेतून बघत होते, चेहऱ्यावरून काही कळण्याची सोय नव्हती, नाव उगाच पडलेलं नाही. सुट्टीत डबे उघडले.

"दात कसा आहे?"

"बरा आहे."

"लवंग धरलीस?"

"धरली."

ते पाणी प्यायले. मग डब्याकडे बघत म्हणाले, "ती कधी खुर्ची आत सरकवायची नाही. तिला घाई असायची. गॅसवर काहीतरी असायचं."

मी हातातला घास डब्यात ठेवला. "मामा, मी..."

"थांब," ते म्हणाले. "सांगू नकोस. तिलाही मी कधी विचारलं नाही. एकदा विचारणार होतो, पहिल्या वेळी. मग म्हटलं, विचारलं की ती कबूल करणार. कबूल केलं की मला ते गाव परत द्यावं लागणार. माझा नियम आहे ना." ते किंचित हसले. "नियम माझा होता. तिचा नव्हता. मी तिचे कधी आभार मानले नाहीत, ते एक राहिलं."

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलं. "मग काल खूण केलीत?"

मामांनी डब्याचं झाकण लावलं, वरून हाताने दाबलं. "नणंद परत पेटलीय," ते म्हणाले. "या वेळी माहेरचं सैन्य हलवत नाही मी. जळू दे तिला."

दुपारी एक इंजिनीअर आला. त्याचा तिसरा ठोकळा लवकर फुटला होता. त्याने राखीव ठोकळ्याचं विचारलं आणि मामांनी त्याला नेहमीचं उत्तर दिलं, एक अक्षर न बदलता. मी आकडा टाइप केला.

साडेपाचला मामांनी अ‍ॅप्रन खुंटीला लावला, हात धुतले आणि दाराकडे निघाले. मी समोरच्या कागदावरून नजर काढली नाही. काढली असती तर मला ते विचारता आलं नसतं.

"माहेर बघितलंत का?" मी म्हटलं.

त्यांची पावलं थांबली. टाकीत पाणी पडत होतं तेवढाच आवाज.

"जाऊन बघतो," मामा म्हणाले.

तेव्हापासून मी रोज साडेपाचला विचारते आणि ते रोज तेच उत्तर देतात. एका नव्या इंजिनीअरला वाटतं, मामांच्या सासरी कुणीतरी आजारी आहे. त्याने एकदा हळू आवाजात माझ्याकडे चौकशीही केली. मी त्याला म्हटलं, तब्येत ठीक आहे, फक्त रोज लक्ष ठेवावं लागतं.